सेन्सर गप्प झाला, हे प्लॅटफॉर्मला कळतं कसं?

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे सेन्सरने आत्ता, या क्षणी मोजलेला आकडा, असं बहुतेक जण धरून चालतात. नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत एका सकाळी याच समजुतीने घोळ घातला. टेरेसवरची टाकी ६२ टक्के भरली आहे असं ॲप सांगत होतं, म्हणून वॉचमनने पंप लावला नाही, आणि ऐन ऑफिसच्या वेळेला वरच्या मजल्यांचे नळ कोरडे पडले. सेन्सरचा डबा रात्रीच बंद पडला होता. पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये गेलं होतं. उघड्या टेरेसवर लावलेली वस्तू कधीतरी बिघडणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. डबा मेल्यानंतरही ६२ टक्के हा आकडा हिरव्या रंगात तसाच झळकत राहिला, ही माझी तक्रार आहे. यावरचा उपाय जुना आहे, फुकट आहे आणि खुल्या प्रमाणकात स्पष्ट लिहिलेला आहे. बसवणाऱ्याने तो वापरला नव्हता, इतकंच.

त्या प्रमाणकाचं नाव एमक्यूटीटी. सेन्सर आणि आयओटी (म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंचा) प्लॅटफॉर्म यांच्यात निरोपांची देवाणघेवाण कशी व्हावी, याचे हे नियम. १९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लन निपर यांनी ते तयार केले. त्यांच्यासमोरचं काम होतं निर्जन प्रदेशातून जाणाऱ्या तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्याचं. तिथले आकडे उपग्रहामार्फत यायचे, उपग्रहाची जोडणी संथ आणि महाग, वर ती कधी तुटेल याचा नेम नाही. त्यामुळे पाठवायचं ते मोजकं, आणि जोडणी तुटणार हे सुरुवातीपासूनच गृहीत धरायचं, हे या नियमांच्या मुळातच आहे. पुढे २०१४ मध्ये त्याची ३.१.१ ही आवृत्ती ओएसिस या संस्थेने प्रमाणक म्हणून स्वीकारली आणि २०१९ मध्ये पाचवी आवृत्ती आली. ‘फाइव्ह-जी आल्याशिवाय आयओटी नीट चालत नाही’ असं कुणी विक्रेता सांगू लागला तर त्याला हा इतिहास जरूर ऐकवा. टाकीची पातळी कळवायला टू-जीचं नेटवर्कही पुरून उरतं.

आता टेरेसवर जाऊ. टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. तो ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा, आपल्या कानांना न कळणारा आवाज पाण्यावर सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. २० अंश तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे पाणी झाकणापासून एक मीटर खाली असेल, तर आवाजाला जाऊन परत यायला साधारण ५.८ मिलिसेकंद लागतात. ईएसपी३२ सारखी एखादी स्वस्त चिप त्या वेळावरून अंतर काढते, अंतरावरून टक्केवारी काढते आणि वाय-फायवरून निरोप सोडते.

हा निरोप तुमच्या मोबाइलकडे जात नाही. सेन्सर आणि मोबाइल यांची एकमेकांशी गाठच पडत नाही. मध्ये ब्रोकर नावाचा सर्व्हर असतो. सेन्सर त्याला म्हणतो, ‘टाकी/पातळी या विषयावर माझा हा आकडा घे.’ मोबाइल त्याला म्हणतो, ‘टाकी/पातळी या विषयावर काही आलं तर मला कळव.’ ऐकणारे किती आहेत, कोण आहेत, याची सेन्सरला फिकीर नाही. उद्या पंपाचा कंट्रोलर तोच विषय ऐकू लागला, तरी सेन्सरमधला एक स्क्रूही हलवावा लागत नाही. आयओटी प्लॅटफॉर्म म्हणून जे विकलं जातं, त्यातही असाच एक ऐकणारा असतो; कधी ब्रोकरही त्यातच असतो. प्रत्येक उपकरणाची नोंद ठेवायची, त्याला ओळख म्हणून टोकन किंवा प्रमाणपत्र द्यायचं, आलेले आकडे साठवायचे, आलेख काढायचे आणि पातळी खाली गेली की सूचना पाठवायची, ही त्याची कामं. अनेक विंग असतील तर विषय ‘टेरेस/अ-विंग/पातळी’ असे पायरीपायरीने ठेवतात. मग प्लॅटफॉर्म ‘टेरेस/+/पातळी’ एवढंच मागतो आणि सगळ्या विंगा एकदम मिळतात.

निरोप केवढा असतो, ते एकदा बाइट मोजून बघण्यासारखं आहे. विषयाचं नाव युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत असल्याने मराठीत ठेवता येतं. ‘टाकी’ या शब्दात चार चिन्हं आहेत: ट, काना, क, वेलांटी. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे बारा. तिरप्या रेघेला एक. ‘पातळी’मध्ये पाच चिन्हं, त्यांचे पंधरा. एकूण २८ बाइट. पाठवायचा आकडा साध्या इंग्रजी अंकांत, त्याचे दोन बाइट. आता पाकिटाची रचना बघा. पहिल्या बाइटची किंमत ४८. बाइटमध्ये आठ बिटं असतात; त्याच्या वरच्या चार बिटांत ३ हा अंक असतो, म्हणजे ‘हा निरोप आहे’. खालच्या चार बिटांत तो पुन्हा पाठवलेला आहे का, किती खात्रीने पोचवायचा आणि जपून ठेवायचा का, हे असतं. दुसरा बाइट पुढे किती मजकूर आहे ते सांगतो, आपल्या बाबतीत ३२. त्यानंतर विषयाच्या नावाची लांबी सांगणारे दोन बाइट, मग ते नाव, मग आकडा. बेरीज ३४. लांबीच्या त्या बाइटमध्ये सातच बिटं मोजणीला वापरतात. आठवं बिट ‘अजून एक बाइट आहे’ हे सांगायला राखलेलं. त्यामुळे लहान निरोपाची लांबी एका बाइटात मावते आणि मोठ्यासाठी चार बाइटांपर्यंत वाढत जाऊन २६,८४,३५,४५५ पर्यंत पोचते. नेहमीच्या वेबसाइटच्या पद्धतीने हाच आकडा पाठवला असता, तर नुसत्या मथळ्यांनीच शेकडो बाइट खाल्ले असते.

निरोप पोचवण्याच्या खात्रीचे तीन दर्जे असतात: एकदा पाठवून मोकळं होणं, पोच मिळेपर्यंत पाठवत राहणं, आणि नेमका एकदाच पोचेल याची हमी घेणं. टाकीच्या पातळीला पहिले दोन पुष्कळ झाले.

माझं खरं प्रेम आहे ते पुढच्या भागावर. निरोप पाठवणं सोपं आहे. निरोप येणं बंद झालं, तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे अवघड आहे.

इंटरनेटवरची जोडणी म्हणजे प्रत्यक्ष तार नव्हे. दोन्ही टोकांच्या संगणकांनी आपापल्या स्मृतीत ठेवलेली ती नोंद असते. एका टोकाने ‘मी निघतो’ असं सांगितलं, तर दुसरं टोक आपली नोंद पुसतं. लाइट गेली किंवा कनेक्टर जळला, तर ‘मी निघतो’ म्हणायला कुणी उरतच नाही. ब्रोकरच्या बाजूला ती नोंद तशीच राहते. पलीकडे कुणी नाही, आणि ब्रोकर मात्र जोडणी चालू आहे असं समजून बसलेला. टीसीपी या खालच्या थरातही जोडणी जिवंत आहे का हे तपासण्याची सोय आहे, पण लिनक्सवर ती कुणी चालू केलीच, तरी मूळ सेटिंगनुसार पहिली विचारणा दोन तासांनी होते. दोन तासांत टाकी रिकामी होऊ शकते.

म्हणून एमक्यूटीटीने स्वतःची व्यवस्था केली. जोडणी मागतानाच सेन्सर ब्रोकरला एक मुदत सांगतो, समजा ६० सेकंद. तिला कीप-अलाइव्ह म्हणतात. या मुदतीत सेन्सरने काही ना काही पाठवलंच पाहिजे. पाठवण्यासारखं नसेल तर पिंग पाठवायचा. तो अवघ्या दोन बाइटांचा: १९२ आणि ०. ब्रोकरचं उत्तर, २०८ आणि ०. मुदतीच्या दीडपट वेळ, म्हणजे ९० सेकंद, काहीच आलं नाही तर ब्रोकर जोडणी तोडून टाकतो. ‘दोन बाइट’ म्हणताना प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की टीसीपी-आयपीचं किमान ४० बाइटांचं वेष्टन प्रत्येक पाकिटावर चढतंच. तरीही पिंग, उत्तर आणि त्याची पोच मिळून दर मिनिटाला १२४ बाइट, म्हणजे महिन्याला साधारण ५४ लाख बाइट. दोन-तीन फोटो पाठवण्याइतका हा खर्च.

जोडणी तुटल्याचं ब्रोकरला कळलं. पण तुमच्या मोबाइलला कोण सांगणार? इथे लास्ट विल येतं. जोडणी मागतानाच, म्हणजे धडधाकट असतानाच, सेन्सर ब्रोकरकडे एक निरोप ठेवून देतो: ‘मी न सांगता गेलो, तर टाकी/स्थिती या विषयावर बंद असं जाहीर कर.’ ब्रोकर तो नुसता सांभाळतो. सेन्सरने रीतसर निरोप घेतला तर ब्रोकर हे मृत्युपत्र फाडून टाकतो. तो अचानक गेला तर मात्र ब्रोकर त्याच्या वतीने ते जाहीर करतो. जे उपकरण आता बोलू शकत नाही, त्याचं शेवटचं वाक्य त्याने आधीच लिहून ठेवलेलं असतं. इतकी सुंदर रचना मला संगणकशास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

मग आमचा ६२ आकडा अडकला कसा? निरोप ‘जपून ठेव’ असं सांगून पाठवला, तर ब्रोकर त्या विषयावरचा शेवटचा निरोप साठवतो आणि नव्याने ऐकायला येणाऱ्याला लगेच देतो. याला रिटेन म्हणतात. पंपरूमच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या आकड्यासारखा तो असतो. लिहिणारा निघून गेला तरी आकडा राहतो. सोय उत्तम आहे, कारण ॲप उघडल्या उघडल्या आकडा दिसतो. पण सोबत लास्ट विल नसेल, तर तोच आकडा दिशाभूल करतो. बसवणाऱ्याने रिटेन लावलं होतं, लास्ट विल लावलं नव्हतं. आणि लावतानाही एक बारकावा सांभाळावा लागतो. लास्ट विलचा निरोपही रिटेन हवा. नाहीतर ‘बंद’ हे जाहीर झालं, त्या क्षणी ज्यांचं ॲप उघडं होतं त्यांनाच ते दिसेल, आणि सकाळी सहाला फोन हातात घेणाऱ्या वॉचमनला पुन्हा हिरवे ६२ टक्के.

एवढ्यावरही काम संपत नाही. चिप जिवंत आहे, पण सेन्सरकडे जाणारी वायर तुटली, तर चिप इमानाने पिंग पाठवत राहते आणि ब्रोकरच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. म्हणून चिपने प्रतिध्वनी आला नाही तर तेही सांगितलं पाहिजे, आणि प्रत्येक आकड्यासोबत मोजल्याची वेळ गेली पाहिजे. पाचव्या आवृत्तीत आकड्याला मुदत घालता येते. मुदत संपली की ब्रोकर तो स्वतःहून काढून टाकतो. तसंच वाय-फाय क्षणभर गेल्यावर उगाच बोंब होऊ नये म्हणून लास्ट विल थोडं उशिरा जाहीर करण्याची सोयही त्याच आवृत्तीत आली.

नवी मुंबईत हे नुसत्या टाक्यांपुरतं राहत नाही. सिडकोने हे शहर वसवताना खाडीलगत धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांची झडपं मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला बाहेर जातं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला, तर तिथल्या पाण्याची पातळी मिनिटामिनिटाला महत्त्वाची. अशा जागी सेन्सर लावायचा तर ‘पातळी स्थिर आहे’ आणि ‘सेन्सर गप्प आहे’ या दोन गोष्टी पडद्यावर वेगळ्या दिसल्याच पाहिजेत.

पंपरूमच्या दाराला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत, आणि ‘एआय टाकी’ म्हणून साधा अल्ट्रासॉनिक सेन्सर चढ्या भावाने घेणाऱ्याही. दोन्हींचं मूळ एकच: आत काय चालतं हे विचारायचंच नाही. सेन्सर बंद पडला तर त्याला कुणाची नजर लागलेली नसते. कारण नेहमी सापडतं. बऱ्याचदा ते फारच साधं असतं. एक नेहमीचं उदाहरण: सगळ्या विंगांच्या डब्यांत एकच प्रोग्राम, त्यात एकच क्लायंट आयडी, म्हणजे ब्रोकरला सांगायचं डब्याचं नाव. नियम असा की त्याच नावाचा दुसरा आला की ब्रोकर पहिल्याला बाहेर काढतो. पहिला पुन्हा जोडतो, दुसरा बाहेर पडतो. दिवसभर दोन्ही विंगा आलटून पालटून ‘बंद-चालू’ दाखवतात, आणि लोक रेंजला दोष देतात.

तुमच्या सोसायटीत असं काही बसणार असेल, तर ब्रोकरला पासवर्ड आहे का आणि जोडणी कूटबद्ध आहे का, म्हणजे १८८३ ऐवजी ८८८३ हा पोर्ट वापरला आहे का, हे आधी विचारा. पंप त्याच ब्रोकरवरून चालणार असेल तर यात तडजोड नको. मग बसवणाऱ्यासमोरच तपासणी करा. कीप-अलाइव्ह किती ठेवला आहे ते विचारा आणि डब्याचा प्लग सरळ उपटा. ॲपमधलं बंद करायचं बटण दाबू नका, कारण मग डबा रीतसर निरोप घेऊन जातो आणि लास्ट विल जाहीरच होत नाही. मुदत ६० सेकंदांची असेल तर दीड मिनिटाच्या आसपास ‘बंद’ दिसलं पाहिजे. त्यानंतर दुसऱ्या कुणाच्या फोनवर ॲप नव्याने उघडा, तिथेही ‘बंद’च हवं. प्लग परत लावल्यावर ‘चालू’ आलं पाहिजे. शेवटी डबा चालू ठेवून फक्त सेन्सरची वायर काढा आणि जुना आकडा तसाच राहतो का ते बघा. हे सगळं जमल्याशिवाय बिलाचा शेवटचा हप्ता देऊ नका.