स्रेब्रेनिका: ज्या मातीत पुरावा, त्याच मातीत कबर

बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाजवळच्या पोतोचारी इथे दरवर्षी ११ जुलैला पांढऱ्या दगडांच्या रांगांमध्ये नव्या कबरी खणल्या जातात. स्रेब्रेनिकाचं हत्याकांड १९९५ सालचं, पण दफनं अजून संपलेली नाहीत.

ज्या गुन्ह्यासाठी इथल्या सेनाधिकाऱ्यांना शिक्षा झाली, त्याला नाव मिळालं १९४४ मध्ये. राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू वकिलाने 'जेनोसाइड' हा शब्द घडवला; आपण त्याला वंशसंहार म्हणतो. एका माणसाला मारलं तर तो खून, मग पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑटोमन साम्राज्यात लाखो आर्मेनियनांना मारणाऱ्यांवर खटला का नाही, हा प्रश्न लेम्किनला विद्यार्थीदशेपासून छळत होता. पुढे त्याचे आईवडीलही नाझींच्या संहारात गेले. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालात 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' आले, पण वंशसंहारासाठी कुणाला दोषी धरलं गेलं नाही. अखेर ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट, गट म्हणूनच नष्ट करण्याचा हेतू होता, हे त्यात सिद्ध करावं लागतं. पण करार बराच काळ कागदावरच राहिला. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात या गुन्ह्याची पहिली शिक्षा झाली ती थेट १९९८ मध्ये, रवांडाच्या खटल्यात.

बोस्नियाच्या युद्धात मुस्लिमांची वस्ती असलेलं स्रेब्रेनिका १९९३ पासून संयुक्त राष्ट्रांचं 'सुरक्षित क्षेत्र' होतं. ११ जुलै १९९५ ला सेनापती रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब फौजांनी ते घेतलं. पोतोचारीच्या बॅटरी कारखान्यात डच शांतिसैनिकांचा तळ होता. तिथे आसऱ्याला आलेल्यांपैकी बायका-मुलांना बसमध्ये घालून पाठवलं आणि पुरुषांना, मिसरूडही न फुटलेल्या पोरांसकट, बाजूला काढलं. जंगलातून पळालेलेही हजारोंनी पकडले गेले. काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले.

मग पुरावा लपवायला सुरुवात झाली. शरद ऋतूत यंत्रांनी सामूहिक कबरी उकरून मृतदेह दूरच्या खड्ड्यांत नेऊन टाकले. यंत्रांच्या पात्यांनी देह तुटले, एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी विखुरली. पण मातीने साक्ष दिली. कोझलुक गावी जिथे गोळ्या घातल्या, तिथे फुटक्या हिरव्या बाटल्यांचा कचरा होता. त्याच काचा दूरच्या खड्ड्यांत सापडल्या आणि दोन जागांचा दुवा जुळला. काहींच्या मनगटांवर हाताच्या हालचालीने चालणारी घड्याळं होती. हात थांबला की ती एक-दोन दिवसांत बंद पडतात. त्यांच्यावर गोठलेले वार आणि तारखा जुलैतल्या त्याच दिवसांशी जुळल्या. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांसाठी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणात हे सगळं मांडलं गेलं. २००१ मध्ये बोस्नियन सर्ब जनरल क्रस्तिच वंशसंहारासाठी दोषी ठरला. अपिलात तो गुन्ह्याला साहाय्य एवढ्यावर आला, पण वंशसंहार झाला हा निष्कर्ष कायम राहिला. म्लादिच सोळा वर्षं फरार होता. २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

या निकालांमागे बायकांचा हट्ट आहे, हे विसरून चालणार नाही. बोस्नियातल्या तुझला शहरात त्या दर महिन्याच्या ११ तारखेला बेपत्ता माणसांची नावं भरतकामाने काढलेले उशांचे अभ्रे घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. त्यांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून डीएनए जुळवून सुमारे सात हजार जणांची ओळख पटली.

तरीही नकार थांबला नाही. २०२१ मध्ये बोस्नियात वंशसंहार नाकारणं गुन्हा ठरवावं लागलं. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ जुलै हा स्मरणदिन ठरवला, तेव्हा ८४ देश बाजूने होते, १९ विरोधात, आणि ६८ तटस्थ.

इकडे घरच्यांपुढचा प्रश्न वेगळाच असतो. मुलाची एक-दोनच हाडं मिळाली आहेत. आत्ता दफन करायचं, की बाकीची सापडेपर्यंत थांबायचं? कुणी वर्षानुवर्षं थांबतं. कुणी आहे तेवढंच दफन करतं, आणि पुढे आणखी एखादं हाड सापडलं की तीच कबर पुन्हा उघडली जाते.