लोखंडानं सगळे फे (युरोपच्या लोककथांतले परी-भुतांसारखे जीव) मरतात? नाही भावा!
राजारामपुरीत डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) टेबलावर फे मॉन्स्टर आला की कोणतरी ओरडतंयच, लोखंडी तलवार काढ, विषय संपला! भावांनो, हे अर्धंच खरंय. लोककथांत लोखंड बहुतेकदा त्यांना लांब ठेवायला, दारावर नाल, पाळण्यावर उघडी कात्री, आपल्याकडं बाळंतिणीच्या उशाला विळा ठेवतात तसं. आणि रेडकॅप नावाचा फे बघा की, इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या पडक्या गढ्यांतला म्हातारा, टोपी माणसाच्या रक्तात रंगवतोय आणि पायात चक्क लोखंडी बूट! त्याला पळवायला क्रॉस नाहीतर बायबलमधलं वचन, मग किंचाळत गायब, मागं एक दात टाकून. गेममध्ये हे लय भारी चालतंय, नुसते हिट पॉइंट (मॉन्स्टरचा उरलेला जीव) कापण्यापेक्षा डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, वचन आठवतंय का बघायला फासा टाकायला लावावा, आणि तो दात लूटमध्ये, म्हणजे जिंकल्याच्या बक्षिसात, द्यावा.