एचडॅक-६ : नावात हिस्टोन, काम भलतीकडेच

पेशी सरकते कशी म्हटलं की ठाणे-नवी मुंबईकडची बायोटेकची पोरं लगेच एफएके, रो, रॅक या प्रोटीनांची नावं सुरू करतात. चूक काहीच नाय, १९९२ हे साल होतंच तसं, एफएके सापडलं, रो-रॅक अॅक्टिनची, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या धाग्यांची, मांडणी कशी बदलतात ते कळलं आणि फॉस्फोरिलेशनला (प्रोटीनवर फॉस्फेट लावणं, एफएके तेच करतं) नोबेलपण त्याच वर्षी. मग १९९५ ला एफएके नसलेले उंदीर केले तर त्यांच्या पेशींची चिकटण्याची ठिकाणं कमी व्हायच्या ऐवजी वाढली आणि पेशी स्लो झाल्या, म्हणजे पाय रोवता येतोय पण उचलता येत नाय. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत अंडाशयाच्या एका दुर्मिळ कॅन्सरसाठी एफएके अडवणारी गोळी दुसऱ्या औषधाच्या जोडीने मंजूर झाली, ते सगळं इथूनच आलं.

पण माझ्या मते खरी गंमत अॅसिटिलची, म्हणजे प्रोटीनवर लागणाऱ्या एका छोट्या रासायनिक गटाची आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाय.

एचडॅक-६ चं नाव सरळ सरळ हिस्टोन डीअॅसिटिलेज, म्हणजे हिस्टोनवरचा (न्यूक्लियसमध्ये डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनांवरचा) अॅसिटिल काढणारं एन्झाइम. एमएस्सीच्या व्हायवाला हा कुठे काम करतो विचारलं की अर्धा वर्ग न्यूक्लियस म्हणायचा, मीपण म्हटलंय. प्रत्यक्षात हा बहुतेक वेळ न्यूक्लियसच्या बाहेर, सायटोप्लाझममध्येच बसलेला असतो, आणि २००२ मध्ये दिसलं की तो ट्यूब्युलिनवरचा (पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या नळ्या ज्या प्रोटीनच्या बनतात त्याच्यावरचा) अॅसिटिल काढतो, आणि एचडॅक-६ जास्त झाला की पेशी जोरात पळतात. पुढच्याच वर्षी एचडॅक-६ ला अडवणारं ट्यूबासिन आलं, त्याने ट्यूब्युलिनचं अॅसिटिल वाढलं, पेशींची चाल मंदावली, हिस्टोन मात्र जसेच्या तसे. आता याला हिस्टोनवाला म्हणायचं कशाला? २००७ मध्ये अॅसिटिल लावणाऱ्या एन्झाइमांना लायसिनवरून (अॅसिटिल ज्या अमिनो आम्लावर बसतो ते) नवीन नावं दिली, काढणारे राहिले जुन्याच नावावर, आणि नेमकं त्याच वर्षी कळलं की एचडॅक-६ कॉर्टॅक्टिन नावाच्या प्रोटीनवरचाही अॅसिटिल काढतो आणि मग कॉर्टॅक्टिन अॅक्टिनला नीट धरतं. म्हणजे चाल बदलते ती ट्यूब्युलिनमुळे की कॉर्टॅक्टिनमुळे, हा वाद तिथून जो सुरू झाला तो काय मिटला नाय. मी कॉर्टॅक्टिनच्या बाजूचा, कारण ट्यूब्युलिनवरचा तो अॅसिटिल बसतो मायक्रोट्यूब्यूलच्या नळीच्या आत, बाहेरच्या प्रोटीनांना तो दिसणार कसा. २०१७ मध्ये मात्र निघालं की त्या अॅसिटिलमुळे नळी वाकवली तरी सहजी तुटत नाय, त्यामुळे माझी बाजू जरा लंगडी झालीय.

बरं, एचडॅक-६ नसलेले उंदीर २००८ पासून आहेत आणि मजेत जगतात. ट्यूब्युलिनवर अॅसिटिल लावणारं एन्झाइम २०१० मध्ये सापडलं, ते काढलेले उंदीरपण जगतात. पेशी सरकायला हे लागतंच असं ठोकून सांगणारी पोस्टर्स बघितली की हे उंदीर आठवतात.

पेशींची चाल बघायला त्यांच्या थरावर ओरखडा (स्क्रॅच) काढून एचडॅक-६ अडवणारं औषध टाकलं असेल तर ब्लॉट (प्रोटीन बँडच्या रूपात दाखवणारी चाचणी) अॅसिटिल-ट्यूब्युलिनचा लावा. हिस्टोनच्या बँडची वाट बघत बसलात तर औषध चाललंच नाय असं वाटून अख्खा आठवडा जातो, माझा गेलाय.