पार्श्वभूमी : डहाणूच्या आमदारामागची पाऊणशे वर्षं

२०१९ च्या विधानसभा निकालानंतर मुंबईत पालघर जिल्ह्यातल्या डहाणूची एकच बातमी गाजली. कधीकाळी वडापाव विकणारा तरुण आमदार झाला होता. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले यांनी भाजपचे तेव्हाचे आमदार पास्कल धनारे यांना ४,७०७ मतांनी हरवलं. त्या विधानसभेत सर्वांत कमी मालमत्ता जाहीर करणारे आमदारही तेच. २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. आज पक्षाचे राज्यातले ते एकटे आमदार आहेत.

वडापावची गोष्ट खरी आहे. पण ते निवडून का आले, हे तिच्यातून कळत नाही. गरिबीतून वर आलेले उमेदवार पुष्कळ असतात आणि त्यातले बहुतेक पडतात. डहाणूचं उत्तर शोधायला १९४५ पर्यंत मागे जावं लागतं, आणि त्या गोष्टीत मुंबईही आहे.

तेव्हा मुंबईच्या तबेल्यांतल्या जनावरांचा चारा डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या रानातून यायचा. गवत तिथले वारली आदिवासी कापायचे. जमीन सावकार-जमीनदारांची, आणि वारल्यांच्या वाट्याला वेठ, म्हणजे मोबदल्याशिवाय सक्तीचं काम. लग्नासाठी चार पैसे उचल घेतली की नवरा-बायको दोघंही मालकाचे बांधील. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज कधी फिटायचंच नाही, पुढची पिढीही त्यात जायची.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची, म्हणजे कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेची परिषद भरली. उंबरगावकडून माह्या धांगडा आणि त्यांच्यासोबत काही वारली तिथे पोहोचले, आपलं दुखणं मांडलं आणि कार्यकर्त्यांना आपल्या भागात बोलावून आले. हे मुद्दाम सांगतोय, कारण शहरातल्या लोकांनी जंगलात जाऊन आदिवासींना जागं केलं, एवढंच आपल्याकडे सांगितलं जातं. पहिलं पाऊल वारल्यांनी टाकलं होतं. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यानंतर तिकडे गेले. गोदूताई पुण्याच्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. त्याआधी मुंबईत त्यांनी घरकामगारांची संघटना बांधली होती. मे महिन्यात झरी गावात वारल्यांची परिषद झाली. वेठ करायची नाही, लग्नगडी सोडवायचे, हे तिथे ठरलं आणि पाड्यापाड्यांवर अमलातही आलं.

पावसाळा संपला आणि गवताच्या मजुरीचा प्रश्न आला. पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये द्या, एवढी मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. त्यांची आठवण लाल बावटा, म्हणजे कम्युनिस्ट चळवळ, आजही दरवर्षी १० ऑक्टोबरला जागवतो. मुंबईच्या दुधामागे ही मजुरीही होती, पण शहराच्या इतिहासात आपण ती क्वचितच मांडतो.

१९५७ मध्ये शामराव ठाण्याहून लोकसभेवर गेले. १९६५ मध्ये आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध असतानाच त्यांचं निधन झालं. १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं, तलासरीकडची गावं महाराष्ट्रात राहिली. पुढे तलासरीत शाळा-वसतिगृहं उभी राहिली, आदिवासी पोरं शिकली, आणि नेतृत्व हळूहळू त्यांच्याच हातात आलं. माझ्या मते या चळवळीचं सर्वांत मोठं काम हेच. लहानू कोम १९७७ मध्ये डहाणूतून खासदार झाले, जव्हारचे आमदारही राहिले. तलासरी हा पक्षाचा गड मानला जातो. २००८ च्या फेररचनेनंतर तलासरी डहाणू मतदारसंघात आली. २००९ ला तिथून पक्षाचे राजाराम ओझरे जिंकले, २०१४ ला जागा भाजपकडे गेली. २०१९ चा निकाल म्हणजे ती परत मिळवण्याची लढाई होती.

निकोले याच वाटेने आले. परिस्थितीमुळे कॉलेज अर्ध्यावर सुटलं, पोटासाठी वडापाव विकला. त्या काळात पक्षाचे नेते एल. बी. धनगर यांच्याशी ओळख झाली आणि ते पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणजे तुटपुंज्या मानधनावर दिवसरात्र पक्षाचं काम. पुढची वर्षं सिटू या पक्षाशी जोडलेल्या कामगार संघटनेत आणि पाड्यांवर गेली. उमेदवारी मिळाली तेव्हा त्यांच्याकडे पैसा नव्हता, पण गावोगावी ओळखणारी माणसं होती.

मार्च २०१८ चा किसान सभेचा लाँग मार्च मुंबईकरांना आठवत असेल. नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी ११ तारखेला रात्री चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर पोहोचले. सकाळी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण होऊ नये म्हणून दमलेले पाय रात्रीच पुन्हा चालू लागले आणि उजाडायच्या सुमाराला आझाद मैदान गाठलं. मुंबईने पाणी दिलं, खाऊ दिला, चपला दिल्या. चालणाऱ्यांत पालघरचे आदिवासीही होते आणि त्यांची मुख्य मागणी वनजमिनीची होती.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, प्रत्यक्ष कसत असेल तेवढी, चार हेक्टरपर्यंत जमीन मिळू शकते. प्रत्यक्षात कसतात एकर आणि मंजूर होतात गुंठे, ही तक्रार डोंगराळ तालुक्यांत सगळीकडे ऐकू येते. मार्च २०२३ मध्ये शेतकरी पुन्हा मुंबईकडे निघाले आणि ठाणे जिल्ह्यातल्या वासिंदला थांबले. सरकारने वनहक्कांसाठी समिती नेमली, तिच्यात माजी आमदार जे. पी. गावित यांच्यासोबत निकोलेही होते.

त्यात आता डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची भर पडली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये या बंदराची पायाभरणी झाली, सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला वर्षानुवर्षं विरोध आहे आणि निकोलेंचा पक्षही त्यांच्या बाजूने उभा राहिला आहे. मुंबईशी डहाणूचं नातं आजही आहे. तिथल्या औष्णिक केंद्रातली ५०० मेगावॅट वीज मुंबई उपनगरांसाठीच आहे. २०१३ पासून विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते आणि तिकडची माणसं रोज तिने मुंबईकडे कामाला येतात. बंदर झाल्यावर मासेमारी कुठे करायची आणि मंजूर न झालेल्या वनजमिनींचं काय, हे दोन प्रश्न घेऊन त्यांचा आमदार नरिमन पॉइंटच्या विधान भवनात बसतो.