हवंहवंसं आणि आवडतं

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मैत्रिणीनं परवा एका दमात तीन प्रश्न विचारले. सध्या येता-जाता काय चरतेस, काय ऐकतेस, काय वाचतेस? उत्तरं तयारच होती. बटाट्याचे वेफर्स, महिनाभर डोक्यात ठाण मांडून बसलेलं एक गाणं आणि एक जाडजूड रहस्यकथा. "का आवडतं गं?" या चौथ्या प्रश्नाला मात्र मी अडखळले. कारण आदल्या रात्री पाकिटातले शेवटचे दहा-बारा वेफर्स मला मुळीच आवडत नव्हते. खारटपणानं जीभ सोलवटून गेली होती. तरी हात आपला पाकिटात जातच होता.

'आवडतं' आणि 'हवं' हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. मेंदू मात्र या दोन्हींची खाती वेगवेगळी ठेवतो. हे कळायला शास्त्रज्ञांना बराच वेळ लागला, आणि त्याला काही अंशी एक घाईघाईनं दिलेलं नाव कारणीभूत ठरलं.

१९५४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि उंदरांसमोर एक कळ ठेवली. कळ दाबली की तारेतून मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळे. उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबत सुटले. एवढं दाबतायत म्हणजे त्यांना मजा वाटत असणार, असा सरळ अर्थ काढला गेला. त्या भागाला 'सुखाचं केंद्र' हे नाव पडलं. पुढे त्याच मार्गावर काम करणारं डोपामिन हे रसायन सापडलं आणि त्यालाही 'सुखाचं रसायन' म्हणण्याची पद्धत पडली. ती आजही सुटलेली नाही.

पण कळ दाबणं म्हणजे मजा येणं, हे कुणी तपासलंच नव्हतं. आदल्या रात्री माझ्याकडे बघून कुणी असाच अर्थ काढला असता तर तोही चुकला असता!

उंदराला एखादी गोष्ट आवडली हे ओळखायचं कसं? त्याला विचारता तर येत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी त्यासाठी चेहरा वाचला. उंदराच्या तोंडात साखरेच्या पाण्याचा थेंब सोडला की तो लयीत जीभ बाहेर काढून ओठ चाटतो. कडू थेंब सोडला की जबडा वासतो आणि डोकं झटकतो. माणसाचं तान्हं बाळही गोड-कडू चाखताना बरंचसं असंच तोंड करतं, त्यामुळे या खुणांवर विश्वास ठेवायला जागा आहे. मग टेरी रॉबिन्सन यांच्यासोबत बेरिज यांनी ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं आहे असे उंदीर घेतले. असा उंदीर समोर अन्न असूनही खात नाही. नळीनं भरवलं नाही तर उपाशी मरतो. डोपामिन जर सुख असेल तर या उंदराला साखरही बेचव लागायला हवी. पण थेंब तोंडात पडला आणि उंदरानं पूर्वीसारखेच ओठ चाटले. आवड शाबूत होती, ती मिळवायला जाण्याची ओढ तेवढी नाहीशी झाली होती.

म्हणजे डोपामिनच्या खात्यावर 'हवं' जमा होतं. 'आवडतं'ची जबाबदारी मुख्यतः वेगळ्याच रसायनांकडे आहे. अफूशी नातं सांगणारी ही रसायनं मेंदू स्वतःच तयार करतो. ती जिथे काम करतात त्या जागा उंदराच्या मेंदूत जेमतेम घन मिलिमीटरभर आहेत, आणि ओढीची यंत्रणा त्या मानानं अवाढव्य पसरलेली. मला ही विषमता फार बोलकी वाटते. हव्यासाला सगळा वाडा आणि आनंदाला माळ्यावरची खोली.

ओढीच्या या यंत्रणेचं आणखी एक वैशिष्ट्य वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवून दिलं. माकडाला फळाच्या रसाचे थेंब मिळाले की डोपामिनच्या चेतापेशी लखलखायच्या. मग रस येण्याआधी दिवा लावायला सुरुवात केली. माकड हा संकेत शिकलं, तसं पेशींचं लखलखणं रसावरून सरकून दिव्यावर आलं. ठरल्याप्रमाणे रस आला तर पेशी ढिम्म. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेमक्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही मंदावत. वस्तूची किंमत नव्हे, तर 'वाटलं होतं त्यापेक्षा किती जास्त, किती कमी' हा फरक त्या मोजत होत्या. वेफर्सच्या पाकिटाचा नुसता चुरचुर आवाज आला तरी तोंडाला पाणी सुटतं, त्यामागची करामत याच जातीची.

आता गाण्याकडे वळू. कारण गाणं हा प्रकार मुळातच विचित्र आहे. ते खाता येत नाही, त्यानं पोट भरत नाही, थंडी-वारा अडत नाही. तरी अंगावर काटा येतो. ओल्ड्स-मिल्नर यांच्या प्रयोगानंतर सत्तावन्न वर्षांनी, २०११ साली, त्याच मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सलिमपूर आणि रॉबर्ट झटोर यांच्या चमूनं हा काटा येतो तेव्हा मेंदूत काय होतं ते पाहिलं. रीत मोठी मजेशीर होती. ज्यांच्या अंगावर संगीत ऐकताना हमखास काटा येतो अशीच माणसं निवडली आणि त्यांना आपापल्या आवडीच्या रचना आणायला सांगितल्या, मात्र शब्दांविना, नुसत्या वाद्यांच्या. तुलनेसाठी 'काहीच न वाटणारं' संगीत कुठून आणायचं? तर एकाला रोमांचित करणारी रचना दुसऱ्याला ऐकवायची. आवड रचनेत नसून ऐकणाऱ्यात असते, याचा पुरावा प्रयोगाच्या मांडणीतच येऊन गेला.

मेंदूत डोपामिन किती सुटलं हे थेट मोजता येत नाही. त्यासाठी डोपामिन पेशींवरच्या ज्या ठरावीक खुर्च्यांवर जाऊन बसतं, त्याच खुर्च्यांवर बसणारं एक किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचतात. डोपामिन जास्त सुटलं की खुर्च्या आधीच भरतात आणि या पाहुण्याला कमी जागा मिळते. ती घट मोजायची. चमूला दोन वेगळ्या जागी दोन वेगळ्या वेळा सापडल्या. काटा येण्याच्या काही सेकंद आधी, म्हणजे 'आता येणार, आता येणार' या टप्प्यात, कॉडेट नावाच्या भागात डोपामिन वाढलं. प्रत्यक्ष काटा आला तेव्हा ते न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स या भागात वाढलं. माझ्या गाण्यात धृपदावर परतण्याआधी सगळी वाद्यं थांबतात आणि अर्धा श्वास मावेल एवढी शांतता पडते. मी ते गाणं लावते ते या अर्ध्या श्वासासाठी, असा मला दाट संशय आहे. धृपद येणार हे पक्कं ठाऊक असतं, तरी दर वेळी ते ताटकळत ठेवतं.

इथे गोष्ट जरा गुंतते. बेरिज यांच्या उंदरांवरून वाटेल की डोपामिनचा आवडीशी संबंधच नाही. पण २०१९ साली बार्सिलोनातल्या संशोधकांनी माणसांना डोपामिन वाढवणारं औषध दिलं तेव्हा त्यांना संगीताचा आनंद जास्त वाटला, आणि डोपामिनला अडवणारं औषध दिलं तेव्हा कमी. म्हणजे साखरेचा थेंब आणि गाणं यांचा हिशेब अगदी सारखा नाही. थेंब जिभेवर पडतो आणि संपतो. गाणं मात्र वाट पाहण्यातूनच उभं राहतं, त्यामुळे त्यात ओढ कुठे संपली आणि आवड कुठे सुरू झाली हे वेगळं काढणं अवघडच. जगात अशीही थोडी माणसं आहेत ज्यांना कोणतंच संगीत काहीच करत नाही. त्यांचे कान उत्तम असतात, सूर ओळखता येतात, हे गाणं दुःखी आहे हेही कळतं, पैसे मिळाले तर आनंदही होतो. फक्त गाण्यानं होत नाही.

आणि मग एक दिवस गाण्याचा वीट येतो.

'वीट' हा शब्द मला फार नेमका वाटतो. तो कंटाळ्याहून जहाल आणि तिरस्काराहून सौम्य आहे. अतिपरिचयात् अवज्ञा, असं आपण म्हणतो खरं, पण १९६८ साली रॉबर्ट झायन्स यांनी नेमकं उलटं दाखवलं होतं. निरर्थक शब्द, अनोळखी लिपीतली अक्षरं, परक्या माणसांचे चेहरे, काहीही असो, जे जास्त वेळा डोळ्यांखालून गेलं ते लोकांना अधिक बरं वाटलं. त्यांनी जास्तीत जास्त पंचवीस वेळा दाखवलं होतं. माझं गाणं शंभरी कधीच ओलांडून गेलंय. आवडीची ही चढण कुठेतरी माथ्यावर पोचते आणि मग उतार लागतो, असं मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांचं म्हणणं होतं. साधीसोपी चाल माथ्यावर लवकर पोचते आणि लवकर घसरते. गुंतागुंतीची रचना सुरुवातीला डोक्यावरून जाते, पण टिकते जास्त. म्हणून नव्या गाण्याला पहिल्या ऐकण्यातच निकालात काढू नये, असं माझं मत आहे. निदान चार वेळा ऐकावं.

खाण्याच्या बाबतीत वीट यायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास लोकांना एकच पदार्थ पोटभर खायला घातला आणि आधी-नंतर अनेक पदार्थांना गुण द्यायला लावले. खाल्लेल्या पदार्थाचे गुण धाडकन उतरले, न खाल्लेल्यांचे फारसे नाही. पोट गच्च भरल्यावरही गोडासाठी जागा निघते ती यामुळेच. ती जागा पोटात नसते, मेंदूत असते.

यातला सगळ्यात चक्रावणारा पुरावा स्मृती गमावलेल्या रुग्णांकडून आला. नव्या आठवणी साठवण्याची क्षमताच गेलेल्या दोघांना पॉल रोझिन यांच्या चमूनं जेवण दिलं. ताट उचललं, थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा भरलेलं ताट ठेवलं. त्यांनी तेही खाल्लं. तिसरं आलं तर तेही खायला घेतलं. आपण जेवलोय हेच लक्षात नाही, तर नको कशाला म्हणायचं? 'पोट भरलं' या जाणिवेतला मोठा वाटा पोटाचा नसून आठवणीचा असतो, हे यातून कळलं. पण २००८ साली सुझान हिग्ज यांनी अशाच रुग्णांना पदार्थांना गुण द्यायला सांगितलं, तेव्हा नुकत्याच खाल्लेल्या पदार्थाचे गुण त्यांनीही कमी केले. खाल्ल्याचं आठवत नाही, पण त्याची गोडी मात्र कमी झालेली! वीट यायला आठवणीची गरज पडत नाही.

म्हणजे शेवटच्या दहा-बारा वेफर्सच्या वेळी माझं आवडीचं खातं केव्हाच रिकामं झालं होतं. हात चालत होता तो ओढीच्या खात्यावर.

पुस्तकाचं प्रकरण त्या मानानं सुटसुटीत आहे. रहस्यकथेतली ओढ म्हणजे निव्वळ कुतूहल, आणि कुतूहलालाही मेंदू बक्षिसासारखंच वागवतो. २०१४ साली कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे मथायस ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी लोकांना कोड्यासारखे प्रश्न विचारले आणि उत्तर देण्याआधी काही सेकंद रखडवलं. त्या वेळात पडद्यावर एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची उत्सुकता मोठी होती त्याच्या वेळचा चेहरा, काही संबंध नसताना, नंतर जास्त चांगला आठवला. खुनी कोण हे कळायच्या आदल्या पानावर मी कोणत्या खुर्चीत बसले होते आणि बाहेर कुणाचं कुत्रं भुंकत होतं, हे मला वर्षानुवर्षं आठवतं. खुनी मात्र पुष्कळदा विसरते.

खुनी आधीच कळला तर मजा जाते का? २०११ च्या एका प्रयोगात शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना उलट जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांचा कौल विरुद्ध गेला. मला विचाराल तर ओढ नक्की कमी होते, आवड कमी होईलच असं नाही. पण आगाऊपणे शेवट सांगणाऱ्याला मी तरीही माफ करत नाही.

राहता राहिला मैत्रिणीचा चौथा प्रश्न. स्वीडनमधल्या लुंड शहरात एका सुपरमार्केटमध्ये पेटर योहानसन आणि लार्स हॉल यांच्या चमूनं ग्राहकांना दोन प्रकारचा जॅम चाखायला दिला. जो आवडला त्याचा आणखी एक चमचा देऊन विचारलं, हाच का आवडला? बरण्यांना दोन्ही बाजूंनी तोंडं होती आणि बरणी गुपचूप उलटी करून दुसराच जॅम दिला जात होता. हे फार तर एक तृतीयांश वेळाच कुणाच्या लक्षात आलं. दालचिनी घातलेलं सफरचंद आणि कडसर ग्रेपफ्रूट इतक्या लांबच्या चवींची अदलाबदलही फार तर निम्म्या वेळाच पकडली गेली. बाकीचे लोक, जो जॅम त्यांनी निवडलाच नव्हता तो का आवडला, हे अगदी मन लावून समजावून सांगत होते.

तेव्हा गाणं अर्ध्या श्वासासाठी आवडतं हे मी जे वर ठासून सांगितलं, त्याची आता मला तितकी खात्री उरलेली नाही. रहस्यकथेचंही तेच. वेफर्सबद्दल मात्र मी ठाम आहे. ते कुरकुरीत असतात म्हणून आवडतात. त्यालाही, अर्थात, एक प्रयोग आडवा येतो. २००४ साली मास्सिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना हेडफोन लावून वेफर्स चावायला दिले आणि चावण्याचा आवाज त्यांच्याच कानात कमी-जास्त करून सोडला. बारीक, कर्कश सूर वाढवला की तोच वेफर जास्त ताजा आणि जास्त कुरकुरीत लागे. म्हणजे मी इतके दिवस वेफर्स निम्मे खात होते आणि निम्मे ऐकत होते. मैत्रिणीच्या पहिल्या दोन प्रश्नांना एकच उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं.