पार्श्वभूमी : ब्रिटनमधली गार घरे आणि २०० पौंडांचा भत्ता

निवृत्तांना हिवाळ्यात मिळणारा २०० पौंडांचा इंधन भत्ता ब्रिटन सरकारने २०२४ मध्ये कापला आणि २०२५ मध्ये बहुतेकांना परत दिला. त्या वादाची ही पार्श्वभूमी. ऑक्टोबर लागला की ब्रिटनमध्ये त्याच त्या सूचना पुन्हा फिरू लागतात. थर्मोस्टॅट एक अंशाने खाली आणा. रिकाम्या खोलीचा रेडिएटर बंद ठेवा. पडदा रेडिएटरवर लोंबू देऊ नका, दाराखालच्या फटीला जुनी चादर गुंडाळून लावा. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. पण ज्या देशात बहुतेक भागांत हिवाळ्याची सरासरी शून्याच्या वरच राहते, तिथे लाखो लोकांवर घरात कोट घालून बसायची वेळ का यावी? शेजारच्या नॉर्वे-स्वीडनमध्ये थंडी कितीतरी कडक असते, तरी घरे उबदार असतात. तेव्हा हवामानाला दोष देऊन भागत नाही. खरा घोळ गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या निर्णयांनी घातला आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. १६६२ ते १६८९ या काळात इंग्लंडमध्ये घरातल्या प्रत्येक चुलाण्यावर वर्षाला दोन शिलिंग कर होता. पुढे कोळसा आला आणि घरातली एक खोली तापवायची, बाकीचे घर गार, ही पद्धत पक्की झाली. निजायच्या खोलीत गरम पाण्याची पिशवी आणि सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी, हे कित्येक पिढ्यांचे बालपण. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकट धुके बसले. त्यात सुमारे ४ हजार माणसे दगावल्याचे तेव्हा सांगितले गेले, नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२ हजारांपर्यंत नेला. १९५६ च्या कायद्याने शहरांत धूरमुक्त पट्टे आखले आणि उघड्या कोळशाचे दिवस भरले.

खरी कलाटणी मिळाली ती उत्तर समुद्रातल्या गॅसमुळे. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांची शेगडी, गिझर, हीटर असे प्रत्येक उपकरण नव्या गॅसला जुळवून घेण्यात आले. गल्लीगल्लीत माणसे पाठवून केलेले हे काम आजही थक्क करते. गॅस स्वस्त, म्हणून बॉयलर आले. बॉयलर आले म्हणून घरभर रेडिएटर लागले. एक खोली तापवणारा देश अख्खे घर तापवू लागला. भिंती मात्र तशाच राहिल्या. पहिल्या महायुद्धाआधीच्या एकसंध विटांच्या घरांतून ऊब बाहेर जायची, पण गॅस इतका स्वस्त होता की तिची फिकीर कोणी केली नाही. आजच्या सगळ्या कटकटींचे मूळ माझ्या मते इथे आहे.

१९७३ च्या तेलसंकटाने पहिला झटका दिला. १९७४ च्या आरंभी कोळसा कामगारांच्या आंदोलनामुळे कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळू लागली. त्या दिवसांत एका मंत्र्यांनी जनतेला अंधारात दात घासायला सांगितले, आणि त्यांच्याच घरी दिवे झगझगताना दिसल्याच्या बातम्या आल्या. काटकसरीचा उपदेश वरून खाली वाहतो, ही परंपरा तेव्हापासूनची. १९७८ मध्ये माळ्यावर उष्णतारोधक थर टाकण्यासाठी कायद्याने अनुदान आले. ते उपयोगी ठरले, पण माळ्यापुरतेच. भिंतींचा प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलला गेला.

१९९४ मध्ये घरगुती गॅस-विजेवर ८ टक्के कर आला. पुढच्या वर्षी तो १७.५ टक्क्यांवर न्यायचा बेत संसदेत हाणून पाडला गेला, आणि १९९७ मध्ये नव्या सरकारने कर ५ टक्क्यांवर आणला. त्याच सरकारने त्याच हिवाळ्यात निवृत्तांसाठी हिवाळी इंधन भत्ता सुरू केला. आजचा सगळा वाद या भत्त्याभोवती फिरतो, म्हणून तो नीट पाहायला हवा.

सुरुवात अगदी किरकोळ होती : निवृत्तांच्या घराला २० पौंड, गरिबीचा आधार घेणाऱ्यांना ५०. १९९९ मध्ये त्याचे १०० झाले, २००० मध्ये २००, आणि २००३ पासून ऐंशी वर्षांवरच्यांना ३००. पुढे अधूनमधून जादा रक्कम मिळाली, पण मूळ आकडा जागचा हलला नाही. गॅसचे दर कुठल्या कुठे गेले, भत्ता २००० सालातच राहिला. अर्ज नको, उत्पन्नाचा दाखला नको. डिसेंबरच्या सुमारास पैसे आपोआप खात्यात पडायचे.

टीकाकारांचा पहिला आक्षेप हाच. बंगल्यात राहणाऱ्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला आणि गळक्या खोलीत राहणाऱ्या विधवेला सारखेच पैसे का? आक्षेप बिनतोड वाटतो, पण एका अभ्यासाने त्यात पाचर मारली. या पैशांवर 'इंधनासाठी' असे बंधन काहीच नव्हते. नुसती रोकड म्हणून मिळाली असती तर निवृत्तांनी तिच्यातला जेमतेम ३ टक्के भाग इंधनावर घातला असता, असा हिशेब होता. प्रत्यक्षात सुमारे ४० टक्के रक्कम इंधनावर गेली. भत्त्याच्या नावाने वृद्धांना हीटिंग लावायची जणू परवानगी दिली. ज्या पिढीला 'आधी स्वेटर घाल, मग हीटरचे बघू' हेच वळण लागलेले, तिच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही. म्हातारी माणसे गारठतात त्यामागे पैशाचा अभाव असतो, तसा पैसा खर्च करण्याचा धसकाही असतो. पुण्या-नाशकाहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा मुलाचे बिल वाढू नये म्हणून दुपारभर हीटिंग बंद करून शाल पांघरून बसतात. त्यांना भत्ता लागू नाही, पण धसका तोच.

भत्त्याला कात्री लावायचे प्रयत्न २०२४ च्या आधीही झाले. परदेशी राहणाऱ्या निवृत्तांचा मुद्दा त्यातला सर्वांत गमतीचा. स्पेनच्या किनाऱ्यावर ऊन खाणाऱ्यांना इंधनाचे पैसे कशाला, अशी ओरड झाली, तेव्हा तापमानाची परीक्षा ठरली : ज्या देशाचे हिवाळी सरासरी तापमान इंग्लंडच्या नैऋत्य भागापेक्षा जास्त, तो देश बाद. २०१५ च्या हिवाळ्यापासून नियम लागू झाला आणि स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, सायप्रस, माल्टा यांच्याबरोबर फ्रान्सही बाद झाला. कारण फ्रान्सची सरासरी काढताना कॅरिबियन आणि हिंदी महासागरातली त्याची बेटेही धरली होती. आल्प्सच्या पायथ्याशी कुडकुडणाऱ्या ब्रिटिश आजोबांना हा हिशेब कोणी कसा समजावला असेल कोण जाणे. २०१७ च्या निवडणुकीत तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी भत्त्याला उत्पन्नाची अट घालायचे वचन दिले, बहुमत गमावले आणि तो बेत गुंडाळला.

दरम्यान दोन गोष्टी घडत होत्या. २०१२ नंतर भिंती आणि माळे झाकण्याच्या सरकारी योजना आटल्या. वर्षाला होणारी २० लाखांहून अधिक कामे पुढच्या पाच वर्षांत ९० टक्क्यांहून जास्त घसरली. बिलावरचा बोजा कमी करण्यासाठी ही काटछाट आहे, असे तेव्हा सांगितले गेले. वाचवलेले चार पैसे पुढे कैक पटींनी गेले. आणि २०१९ मध्ये दरांवर मर्यादा आली. सर्वसाधारण घराचे वर्षाचे बिल त्या मर्यादेने १,१३७ पौंड धरले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते १,२७७ झाले, एप्रिल २०२२ मध्ये १,९७१. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर ऑक्टोबरची मर्यादा ३,५४९ जाहीर झाली. सरकारने मध्ये पडून ती २,५०० च्या आसपास रोखली आणि प्रत्येक घराला ४०० पौंड सहा हप्त्यांत दिले.

काटकसरीच्या सल्ल्यांना खरा ऊत आला तो या हिवाळ्यात. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात एका वीजकंपनीने ग्राहकांना पाळीव प्राण्याला कुशीत घ्या, गरमागरम लापशी खा, असे सुचवून नंतर माफी मागितली होती. काही सल्ले मात्र खरेच कामाचे निघाले. २००५ पासून बसवलेल्या बहुतेक बॉयलरना पाणी परत येताना ५५ अंशांखाली असले तरच धुराड्यातून जाणारी ऊब परत पकडता येते. बसवणारे मात्र बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याच्या तापमानाची तबकडी ७५-८० वर ठेवून निघून जायचे. ती ६० किंवा त्याखाली आणली की घर जरा सावकाश तापते, पण गॅस वाचतो. इतकी वर्षे ही तबकडी कोणी फिरवली कशी नाही, याचे उत्तर स्वस्त गॅसमध्येच आहे. इलेक्ट्रिक ब्लँकेटही दुकानांतून भराभर उचलली गेली. शंभर वॉटची पांघरुणे दहा तासांत एक युनिट घेतात, म्हणजे तेव्हाच्या दराने तासाला साडेतीन पेन्स. तासाला दहा युनिट गॅस जाळणारा बॉयलर त्याच दरांत एक पौंड खायचा. वाचनालये, चर्च, समाजमंदिरे 'उबदार जागा' म्हणून उघडली आणि लोक तिथे दुपार काढू लागले. आजीच्या काळातली एक खोली परत आली. फरक इतकाच की आता ती सार्वजनिक झाली होती.

सर्वांत वाईट हाल झाले ते आधी पैसे भरून वापरायच्या मीटरवाल्यांचे. मीटरचे कार्ड किंवा किल्ली घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे, दहा पौंड भरायचे, घरी येऊन ती मीटरात घालायची. पण उन्हाळाभर गॅस वापरला नाही तरी रोजचा स्थिर आकार चढतच असतो. थंडीच्या पहिल्या दिवशी भरलेले दहा पौंड आधी तो गिळतो आणि बॉयलर ढिम्म. थकबाकीदारांच्या घरात न्यायालयाचा आदेश घेऊन, प्रसंगी कुलूप फोडून हे मीटर बसवले जात होते. २०२३ च्या सुरुवातीला एका वृत्तपत्राने ते उघडकीस आणल्यावर सक्ती थांबवावी लागली. ज्यांना गॅस सर्वांत कमी परवडतो, त्यांच्याच मीटरला पुढारलेल्या देशात इतकी वर्षे जादा दर होता, ही मला यातली सर्वांत लाजिरवाणी बाब वाटते.

या सगळ्यानंतर, २९ जुलै २०२४ रोजी, नव्या अर्थमंत्र्यांनी सत्तेवर येऊन महिना होण्याआधीच हिवाळी भत्ता फक्त गरिबीचा पूरक आधार, म्हणजे कमी उत्पन्नाच्या निवृत्तांना पेन्शनच्या जोडीला मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांपुरता ठेवला. सुमारे १ कोटी लोक एका फटक्यात बाहेर गेले. तिजोरीत खड्डा आहे, हे कारण देण्यात आले. १० सप्टेंबरला संसदेत ३४८ विरुद्ध २२८ मतांनी निर्णय टिकला. ऑक्टोबरमध्ये दरमर्यादा १० टक्क्यांनी वर गेली.

श्रीमंतांचा भत्ता काढला हा दोष नव्हे. रेषा कुठे ओढली, हा दोष. एकट्या निवृत्ताला आठवड्याला २१८ पौंड १५ पेन्सपेक्षा उत्पन्न कमी असेल तरच पूरक आधार मिळे. त्याहून चार पौंड जास्त मिळाले की भत्ता शून्य. शिवाय पात्र असूनही सुमारे तिसरा हिस्सा लोक हा आधार मागतच नाहीत. कोणाला माहीत नसतो, कोणाला हात पसरणे नको वाटते, कोणी अर्जाची जाडी पाहूनच थबकतो. संपूर्ण अर्जात दोनशेहून जास्त प्रश्न होते. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्यातलेच कितीतरी चाळणीतून गळणार हे आधीच दिसत होते. आपल्याच आकडेमोडीनुसार ५० हजार ते १ लाख वृद्ध आणखी गरिबीत जातील, हे सरकारला नोव्हेंबरमध्ये मांडावे लागले. निर्णय मात्र जुलैतच होऊन गेला होता.

पूरक आधारासाठी अर्जांची रीघ लागली, म्हणजे वाचवायचा पैसा थोडा तिकडे गेला. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत सत्ताधाऱ्यांना मार बसला आणि दारोदार हाच विषय निघत असल्याचे त्यांचेच उमेदवार सांगू लागले. ९ जून २०२५ रोजी माघार जाहीर झाली : वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या निवृत्तांना भत्ता परत, त्यावरच्यांकडून करातून वसुली. इंग्लंड आणि वेल्समध्ये भत्ता मिळणाऱ्यांची एकूण संख्या सुमारे ९० लाखांवर गेली. वार्षिक बचत ठरवली होती दीड अब्जाच्या घरात, उरली ती साधारण ४५ कोटी पौंडांची.

भिंतींची कथा याच वर्षी आणखी बिघडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी लेखापरीक्षणात आढळले की गेल्या काही वर्षांत सरकारी योजनेखाली बाहेरच्या भिंतींना लावलेल्या थरांपैकी ९८ टक्के ठिकाणी काम सदोष आहे आणि ते दुरुस्त न केल्यास ओल-बुरशीचा धोका आहे. ज्यांनी खर्च वाचेल म्हणून होकार दिला, त्यांच्यातल्या काहींच्या घरात आता पाणी मुरते. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पाने ही योजना बंद करायचे ठरवले.

नव्या भत्त्याचा हिशेब मात्र माणशी आहे, घराचा नाही. नवरा-बायको दोघांचे उत्पन्न प्रत्येकी ३४ हजार असेल, म्हणजे घरात ६८ हजार येत असतील, तर दोघांचाही भत्ता राहतो. शेजारी ३६ हजारांवर एकटीच राहणारी बाई असेल, तर तिला मिळालेले २०० पौंड करातून परत जातात.