मागचा शॉकअप: स्प्रिंगचे काम आणि तेलाचे काम

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळा ओसरला की जड टुरिंग मोटारसायकली दिसू लागतात. चारशे किलोच्या घरातली गाडी, तिच्यावर दोन माणसे आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या पेट्या एवढे ओझे घेऊन मागचे चाक खड्ड्यात आपटले की धक्का थेट मणक्यापर्यंत पोहोचतो. मग पहिल्या गॅरेजमध्ये एकच उपाय होतो: शॉकअपच्या स्प्रिंगला दाबून धरणारे खाचांचे कडे एक-दोन खाचा फिरवून स्प्रिंग ‘टाइट’ केली जाते. हा उपाय काही वेळा बरोबर असतो, पण बहुतेक वेळा चुकतो. तो का चुकतो, याचे उत्तर मागच्या शॉकअपच्या इतिहासात आहे. गाडीचे वजन तोलणे आणि उसळी आवरणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे उमगायला आणि दोन्ही नीट साधायला कारागिरांना जवळजवळ अर्धे शतक लागले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले ते 1888 मध्ये, आणि त्याच वर्षी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढची कित्येक वर्षे दुचाकीवर बसणाऱ्याला धक्क्यापासून जे काही संरक्षण मिळे ते या टायरचे आणि सीटखालच्या स्प्रिंगचे. सुरुवातीच्या मोटारसायकलीही सायकलीच्याच सांगाड्यावर बेतलेल्या असल्यामुळे त्यांचे मागचे चाक चौकटीत घट्ट बसवलेले असे. अमेरिकेतील ‘इंडियन’ने 1913 मध्ये मागच्या चाकाला, टांग्याला असतात तसे पाटे लावून पाहिले. इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट यांनी 1928 मध्ये मागचा संपूर्ण त्रिकोणी भाग एका सांध्यावर हलेल अशी रचना पेटंट करून घेतली. बीएमडब्ल्यूने 1938 मध्ये प्लंजर पद्धत आणली. तिच्यात चाकाचा आस दोन उभ्या नळ्यांतील स्प्रिंगांमध्ये थोडासा वरखाली होई.

या साऱ्या प्रयत्नांत स्प्रिंगचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला होता, पण उसळीचा सुटला नव्हता. दाबलेली स्प्रिंग घेतलेली ऊर्जा परत करते, आणि ती ऊर्जा कुठे जिरवली नाही तर गाडी खड्डा ओलांडल्यानंतरही डोलत राहते. सुरुवातीला त्यासाठी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या वापरत आणि त्या कमी-जास्त आवळत. घर्षणाचा दोष असा की लहान धक्क्यात चकत्या हलतच नाहीत, आणि एकदा हलल्या की त्यांचा विरोध कमी होतो. हवे असते ते नेमके याच्या उलट. तेलाचे वागणे वेगळे आहे. बारीक छिद्रांतून तेल ढकलताना हालचाल जितकी वेगवान तितका विरोध जास्त होतो, आणि ऊर्जा उष्णता होऊन तेलात जिरते. शॉकअपमधला खरा ‘शॉकअप’ हा तेलाचा भाग. बाहेरून दिसणारी स्प्रिंग केवळ भार पेलते.

आज ओळखीची असलेली जोडी, म्हणजे खालच्या बाजूला सांध्यावर फिरणारा स्विंग आर्म आणि त्याच्या दोन्ही अंगांना तेलाचे उभे शॉकअप, दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. उत्तर आयर्लंडच्या मॅककँडलेस बंधूंनी तयार केलेली चौकट नॉर्टनने 1950 मध्ये शर्यतीत उतरवली आणि तिने प्रतिस्पर्ध्यांना आपल्या गाड्या नव्याने आखायला लावले. त्याच्या आदल्या वर्षी रॉयल एन्फिल्डची स्विंग आर्म असलेली 350 बुलेट बाजारात आली होती. मद्रासमध्ये 1955 मध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यातून जावा बाहेर पडू लागल्या, तेव्हा आपल्याकडच्या मिस्त्रींची या रचनेशी गाठ पडली. सीमाभागातल्या जुन्या मिस्त्रींचे शॉकअपचे ज्ञान या दोन गाड्यांवर घडले, आणि ते कमी प्रतीचे नव्हते, असे मला आग्रहाने नोंदवावेसे वाटते.

मोठ्या टुरिंग गाड्यांची वाट मात्र निराळी झाली. हार्ले-डेव्हिडसनच्या सर्वांत मोठ्या गाडीला मागचे सस्पेन्शन 1958 मध्ये, ‘ड्युओ-ग्लाइड’बरोबर मिळाले, तोवर सारी मदार सीटखालच्या स्प्रिंगवर होती. होंडाची गोल्ड विंग 1975 मध्ये आली आणि 1980 मध्ये तिच्या मागच्या शॉकअपमध्ये हवेचा दाब वाढवून भार पेलण्याची सोय झाली. हार्लेनेही पुढे टुरिंग गाड्यांना हवेचे शॉकअप दिले. एकटा माणूस असताना हवा कमी ठेवायची आणि कुटुंब-सामान असताना वाढवायची, ही कल्पना उत्तम होती, परंतु हवा हीदेखील शेवटी स्प्रिंगच. तिने ओझे तोलले, उसळी आवरण्याचे काम मात्र आतल्या तेलावरच राहिले. शिवाय सीट ठेंगणी राखण्याच्या हट्टापायी चाकाची वरखाली हालचाल तोकडी राहिली. हार्लेच्या कित्येक टुरिंग गाड्यांत ती सुमारे 76 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम 3 इंच असते. सीटवर बसून पाय आरामात टेकतात, पण त्याची किंमत शॉकअपच्या हालचालीतून मोजलेली असते, हे गाडी घेताना कोणी सांगत नाही.

तेलाचाही एक दोष पुढे आला. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकाच पोकळीत असल्यामुळे सलग खराब रस्त्यावर त्यांचा फेस होतो, आणि फेसाला तेलासारखा विरोध करता येत नाही. फ्रान्समधील ख्रिस्तियन बुर्सिए द कार्बों यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास तेल आणि दाबाखालचा वायू यांच्यामध्ये तरंगता पिस्टन घालून हा दोष दूर केला. आपण ज्याला ‘गॅस शॉकअप’ म्हणतो त्याचा उगम तिथे आहे. यामाहाचा 1973 चा मोनोशॉक (दोनऐवजी एकच शॉकअप), 1976 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेली ओलिन्स ही शॉकअप कंपनी आणि बीएमडब्ल्यूने 2004 मध्ये आणलेली बटणाने शॉकअपची मांडणी बदलणारी रचना हे पुढचे टप्पे. मूळ तत्त्व तेच राहिले.

आता कड्याच्या खाचांकडे परत येऊ. कडे फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडीची मागची बाजू उंचावते. म्हणून शॉकअप निवडताना आधी माणसे आणि सामानासह गाडी किती बसते, म्हणजे ओझ्याने किती खाली दबते, ते मोजावे. एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी बसली तर स्प्रिंग योग्य आहे. 76 मिलिमीटरपैकी 25 अशा रीतीने आधीच खर्च होतात आणि खड्ड्यासाठी 50 च्या आसपास उरतात. कडे शेवटच्या खाचेवर नेऊनही गाडी याहून खूप बसत असेल तर जास्त ताकदीची स्प्रिंगच हवी. उलट बसणे बरोबर असूनही गाडी डोलत असेल तर दोष तेलाच्या बाजूचा आहे, आणि कडे आवळल्याने तो वाढतो: चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि खळग्यावरून जाताना ते रस्ता सोडते. लांबी मात्र मूळचीच ठेवावी, आणि दोन शॉकअपच्या गाडीला ते नेहमी जोडीनेच बदलावेत.

देखभालीत आपल्या भागाचा खरा शत्रू पाऊस आणि लाल माती. खानापूरकडचा चिखल पिस्टनच्या रॉडवर वाळतो, क्रोमवर गंजाचे बारीक डाग पडतात आणि प्रत्येक हालचालीला तो खरबरीत पृष्ठभाग तेल अडवणारा ऑइल सील कापत जातो. प्रवासाहून आल्यावर ओल्या फडक्याने रॉड पुसणे हे दोन मिनिटांचे काम आहे. जोराच्या पाण्याचा फवारा मात्र सीलवर मारू नये, कारण तो चिखल आत ढकलतो. वरखालचे रबरी बुश दाबून-हलवून पाहावेत. हवेच्या शॉकअपमध्ये पेट्रोल पंपावरची हवा भरू नये. आतली जागा इतकी थोडी असते की क्षणात दाब मर्यादेपलीकडे जातो, म्हणून त्यासाठी छोटा हातपंपच वापरावा. माझ्या स्वतःच्या गाडीचा एक सील असाच गेला, आणि तो बदलून मिळेपर्यंत अख्खा हंगाम हातचा गेला.

हायड्रॉलिक सिलिंडर बनवणाऱ्या कारखान्यांसाठी बेळगावचे उद्यमबाग ओळखले जाते, आणि क्रोमचा रॉड, होनिंग (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करणे), सील हे सारे तिथल्या कामगारांच्या रोजच्या हाताखालचे आहे. खोलता येणाऱ्या शॉकअपच्या रॉडची परीक्षा असा जाणकार नुसत्या नखाने करतो: नख अडकले तर नवा सील घालून उपयोग नाही, रॉडच बदलावा लागतो. नायट्रोजन भरलेला गॅस शॉकअप मात्र त्याच्याकडेही उघडायला देऊ नये. आतला दाब सोडण्याचे आणि पुन्हा भरण्याचे साधन ज्याच्याकडे आहे त्यानेच तो खोलावा. भोक पाडून किंवा तापवून तो उघडण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.